वाईचा ढोल्या गणपती आणि कृष्णाबाईचा उत्सव

प्रश्न : वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती का आहे? तसेच कृष्णाबाईचा, म्हणजे देवी मानलेल्या कृष्णा नदीचा, उत्सव कसा साजरा होतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : सरदार गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेले हे देऊळ कृष्णेच्या पात्राला अगदी लागून असल्यामुळे पुराचे पाणी थेट त्याच्यावर येते, भिंतीच्या निमुळत्या टोकामुळे प्रवाह दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातो आणि गाभाऱ्यावरचा भार हलका होतो. त्या गवंड्यांना नदी पुरती उमगली होती, असे मला मनापासून वाटते.

उत्तर २ : उत्सव हिवाळ्यात होतो आणि तो साऱ्या गावाचा एकच नसतो. गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी अशा घाटांची पाळी ठरलेली असून, ज्या घाटाची पाळी असेल तेथे मांडवात देवीची स्थापना होते, कीर्तने होतात आणि आळीतील घरे पाहुण्यांनी भरून जातात. नदीला घरच्या माणसासारखे ‘बाई’ म्हणणे मला फार जिव्हाळ्याचे वाटते.

उत्तर ३ : जवळच्या मेणवलीलाही अवश्य जावे. नाना फडणवीसांच्या वाड्यामागील घाटावर वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे.