शेल्टीला मेंढ्यांवर सोडून पाहायचंय, कुणाला अनुभव आहे का?

शेल्टीची_आई (लीड्स):
नमस्कार मंडळी. आमची जिलबी शेटलंड शीपडॉग, म्हणजे शेल्टी जातीची कुत्री आहे, दोन वर्षांची. बागेत पोरं पळायला लागली की ती त्यांच्याभोवती घिरट्या घालते आणि मागे राहिलेल्याला भुंकून पुढे हाकलते. घरी पाहुणे आले, तर सगळे एका खोलीत बसेपर्यंत तिला चैन पडत नाही. यॉर्कशर डेल्समधल्या एका फार्मवर इन्स्टिंक्ट टेस्ट, म्हणजे कुत्र्यात मेंढ्या वळायची उपजत ओढ आहे का याची चाचणी, करून मिळते असं कळलं. तिने मेंढी कधी जवळून पाहिलेली नाही. ओळखीचे एक जण म्हणाले, ही बॉर्डर कॉली या मेंढ्या वळणाऱ्या जातीसारखी नजर रोखत नाही, नुसती भुंकते, पैसे वाया जातील. खरंच का? आणि मेंढ्यांना काही होणार नाही ना?

डेल्सकर:
ताई, बिनधास्त न्या. माझी बॉर्डर कॉली एका मेंढपाळाकडे शिकते, तिथे शेल्टीही येतात, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

भुंकण्याचं मनावर घेऊ नका. हेरायचं, दबा धरून सरकायचं, पाठलाग करायचा, पकडायचं, मारायचं, हा शिकारीचा क्रम. माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून यातला आधीचा भाग ठळक केला आणि चावा दाबला. बॉर्डर कॉलीत ती रोखलेली नजर फारच पक्की झाली. 1893 साली नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मलेला ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा असाच न भुंकता नजरेने काम करायचा आणि आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींचं मूळ त्याच्यापर्यंत जातं. शेल्टीची रीत निराळी. ती ताठ उभी राहून, भुंकून मेंढ्या हलवते. ते तिच्या जातीचंच काम आहे.

टेस्ट छोट्या गोल कुंपणात होते. आत कुत्र्यांना सरावलेल्या तीन-चार मेंढ्या आणि प्रशिक्षक. कुत्र्याच्या पट्ट्याला लांब दोरी. प्रशिक्षकाच्या हातातली काठी मारायला नसते, कुत्रा सरळ आत घुसला तर त्याला बाहेरच्या बाजूला वळवायला असते. सुरुवातीला पुष्कळ कुत्री नुसतं गवत हुंगतात, लेंड्या खातात, मालकाकडे बघतात. घाबरू नका. मेंढ्या हलल्या की खरं चित्र दिसतं.

तेव्हा शेपटीवर लक्ष ठेवा. वर नाचत असेल तर अजून खेळ चाललाय. खाली आली आणि कुत्रा वळसा घेऊन पलीकडे जाऊ लागला, की डोकं कामाला लागलं! मग प्रशिक्षक मुद्दाम जागा बदलतो. घड्याळाच्या हिशेबाने तो सहावर असेल तर कुत्रा बारावर हवा, तो पाचवर सरकला तर कुत्रा अकरावर. न शिकवता एखादं पिल्लू हे बरोब्बर करतं ना, तेव्हा अंगावर काटा येतो.

एक मात्र आवर्जून विचारा: मेंढ्यांना जंताचं औषध कधी दिलं? आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध दिलेल्या मेंढ्यांच्या लेंड्या खाल्ल्या तर काही कुत्र्यांना विषबाधा होते. कॉली-शेल्टीत आढळणारा एमडीआर1 हा जनुकदोष असेल तर धोका जास्त. जिलबीची तपासणी करून घ्या. शिवाय रस्त्याकडेच्या कुरणात स्वतःहून प्रयोग करू नका. इथे जनावरांमागे कुत्रा लागणं 1953 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि गाभण मेंढी पळवली तर गर्भ जाऊ शकतो.

माणदेशी:
डेल्सकरांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. मेंढरू तोंड उघडून धापा टाकायला लागलं की खेळ तिथंच थांबवा, कुत्र्याला कितीही मजा येत असू दे.

ताई, आमच्याकडच्या धनगरी कुत्र्यांशी मात्र जिलबीची तुलना नको. मेंढरं वळायचं काम माणसं करतात, हाळी देऊन, शिट्टी घालून. कुत्रं राखणीला. रात्री वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या, बाहेर बसतं, लांडग्याचा वास लागला की उठतं. लहानपणापासून कोकरांत वाढलेलं असतं, मेंढराच्या मागं पळतच नाही. पळणारं कुत्रं मेंढरांच्या वाड्यावर कोण ठेवील? तुमच्या टेस्टमध्ये आमचं कुत्रं नापास होईल आणि तरी ते कामाचंच.

शेल्टीची_आई:
दोघांचे मनापासून आभार. लेंड्यांचं तर डोक्यातच नव्हतं, आणि जिलबी बाहेर काहीही तोंडात घालते. आधी व्हेटकडे तपासणी, मग फार्मला फोन. कुंपणात मीही आत जायचं का?

डेल्सकर:
प्रशिक्षक बोलावेल तेव्हाच. आत असाल तेव्हा शक्यतो गप्प राहा. मालक सारखी हाक मारत राहिला की कुत्रा मेंढ्या सोडून त्याच्याकडेच बघत बसतो.