'नॉन-रिफूलमां'ला मराठीत काय म्हणायचं? आणि निर्वासित की शरणार्थी?

रानवारा:
मंडळी, अडलेय. गेल्या पावसाळ्यापासून मी रात्री जेवणं आटोपली की घरूनच एका गटासाठी कायद्याचं संशोधन करते. म्हणजे कुठल्यातरी देशात एखादा वकील एखाद्याचा आश्रयाचा अर्ज लढवत असतो, त्याला माहिती हवी असते की त्या माणसाच्या मुलखात सध्या काय चाललंय, कुठल्या कोर्टाने अशा बाबतीत काय म्हटलंय, ते आम्ही शोधून तारीखवार टिपण करून पाठवतो. पगार नाही, लॅपटॉप आणि चिकाटी लागते. आता मराठीतून एलएलबी करणारी चार मुलं यायला तयार आहेत, त्यांच्यासाठी दोन पानं लिहितेय आणि 'नॉन-रिफूलमां'पाशी गाडी थांबली. निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या जिनिव्हा कराराचं ३३ वं कलम, जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे माणसाला परत पाठवायचं नाही. मी 'अप्रत्यावर्तन' लिहिलं तर त्यातला एक म्हणाला, मॅडम हे मोक्षाबद्दल काहीतरी वाटतंय. त्यानेच पुढे विचारलं की निर्वासित कशाला, शरणार्थी लिहा, निर्वासित म्हणजे हाकलून दिलेला, हे लोक तर पळून आलेले असतात. मला उत्तर देता आलं नाही.

जुनंखोड:
मुलाचं व्याकरण चोख आहे. वस् धातूचं प्रयोजक रूप, निर् लावून, म्हणजे राहत्या जागेवरून ज्याला उठवलं तो. उठवणारा कुणीतरी त्यात धरलेलाच आहे. पण शरणार्थी आपल्याकडे हिंदीतून आला आणि मराठीत 'शरण येणे' म्हणजे हत्यार खाली ठेवणे. विठ्ठलाला शरण जातो तेव्हा आसऱ्याचा जुना अर्थ टिकून आहे, रोजच्या बोलण्यात नाही. मी निर्वासितच ठेवीन. अप्रत्यावर्तनही राहू द्या, शब्द वापरला की रुळतो.

तिकीटवाला:
हिंदीतून आला हे कबूल, पण घरोघरी आलाय काका. १९७१ मध्ये बांगलादेशच्या लोकांच्या मदतीसाठी पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, माझ्या वहीत आहे, त्यावर 'शरणार्थी सहायता' छापलंय. आई मात्र त्याला 'निर्वासितांचं तिकीट' म्हणायची, म्हणजे वाचायचो एक आणि बोलायचो दुसरं.

कॅम्प नंबर चार:
उल्हासनगरचा आहे, आजोबा सिंधमधून आलेले. त्यांना हे दोन्ही शब्द सहन व्हायचे नाहीत. 'शरणार्थी नहीं, पुरुषार्थी' म्हणायचे, फाळणीनंतर आलेले बरेच सिंधी-पंजाबी असंच म्हणायचे. आम्ही तिसऱ्या पिढीतले, तरी पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतो. व्याकरण राहू द्या, त्या माणसाला काय म्हणवून घ्यायचंय हे कुणी विचारतं का?

वकीलीण:
रानवाराताई, कामापुरतं सांगते. करारातली व्याख्या हाकलण्यावर नाहीच. माणूस आपल्या देशाबाहेर आहे, आणि वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यामुळे छळ होईल अशी साधार भीती आहे, म्हणून तो परत जाऊ शकत नाही किंवा जायला तयार नाही. सगळा भर परत जाण्यावर आहे. देशातल्या देशात उठवला गेला तर तो विस्थापित, त्याला हा करार लागू नाही.
आणि भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या प्रोटोकॉलवरही नाही. म्हणून इथे लढाई आपल्या घटनेच्या आधाराने चालते. १९९८ साली गुजरात हायकोर्टाने इराकी अर्जदारांच्या प्रकरणात परत न पाठवण्याचं तत्त्व एकविसाव्या कलमाशी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडलं. पण २०२१ मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांच्या बाबतीत सुप्रीम कोर्ट म्हणालं की जगण्याचा हक्क परकीयालाही आहे, देशाबाहेर घालवलं न जाण्याचा हक्क मात्र नागरिकांच्या हक्काशी बांधलेला आहे. मुलांना हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचायला द्या. शब्दाचं म्हणाल तर 'परत न पाठवण्याचं बंधन'. लांब आहे पण कळतं.

रानवारा:
'छळ' चालेल ना पण? मुलांना लगेच सासरचा छळ आठवतो.

वकीलीण:
आठवू दे, चुकीचं नाही. १९९९ मध्ये ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे (तेव्हा तिथलं सर्वात वरचं कोर्ट) दोन पाकिस्तानी बायकांची प्रकरणं होती, नवऱ्यांनी घराबाहेर काढलेल्या, परत गेल्या तर बदफैलीचा आळ येण्याची भीती. त्या समाजातल्या बायका हा 'विशिष्ट सामाजिक गट' ठरला आणि त्यांना संरक्षण मिळालं.

पंचगंगाकाठ:
आमच्याकडं कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलंडची माणसं होती, पाचेक हजार, बायका-पोरंच जास्त. आजी त्यांना निर्वासितबी म्हणायची नाही आणि शरणार्थीबी नाही, 'पोलंडची माणसं' एवढंच. रशियानं घरातनं उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेलेली, तिथनं इराणमार्गे इकडं आलेली. म्हणजे निर्वासित शब्द नेमका बसतो बघा. पण लढाई संपली तेव्हा यातल्या कितीतरी जणांची गावंच रशियाच्या हद्दीत गेलेली, आणि उरलेल्या पोलंडात कम्युनिस्ट सरकार. लई जणांना परत जायचं नव्हतं, ती इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेली. वकीलीणताई म्हणत्यात तो परत जाण्याचा प्रश्न आमच्या नदीकाठालाच उभा होता, करार व्हायच्या आधी. आणि ती गेली तशी त्याच जागेत सिंधी आली, आज ते गांधीनगर.

कॅम्प नंबर चार:
गांधीनगरला माझी आत्या आहे! कपड्याचं दुकान. त्या बराकीत आधी पोलिश राहायचे हे आत्ता कळतंय.

मोडीवाचक:
सगळ्यांनी 'परागंदा' कसा काय सोडला? जुन्या कागदांत जुलमाने, दुष्काळाने रयत परागंदा होते. कुणी हाकललंही नाही आणि कुणाच्या पायाही पडली नाही, राहवेना म्हणून पांगली. आणि तिला परत बोलवायचं तर 'कौल' द्यायचे, म्हणजे त्रास होणार नाही असं लेखी अभय. ३३ व्या कलमाच्या मागचा विचार आपल्याकडे होता, शब्दासकट.

जुनंखोड:
परागंदा फारसी आहे. आणि कौल परत येण्यासाठी दिला जायचा, इथे परत न धाडण्याची बाब आहे, नेमकं उलटं. ओढूनताणून जोडू नका.

मोडीवाचक:
कायदा, वकील, अर्ज, हक्क यातलं संस्कृत कुठलं ते सांगा, मग परागंदाला बाहेर काढू. आणि उलटं कसं? अभय मिळेपर्यंत माणसाला परत जायला लावू नये, हेच तर दोन्हीकडे आहे.

सह्याद्रीपाड:
आम्ही कोयनेचे. आमच्या पिढ्या 'धरणग्रस्त' म्हणून लढल्या, तो शब्द आम्हाला कुणी दिला नाही, मोर्च्यात तयार झाला. मग 'छळग्रस्त' का नको?

जुनंखोड:
ग्रस्त म्हणजे गिळलेला. जो सुटून आलाय त्याला ग्रस्त कसं म्हणणार?

रानवारा:
पानं उद्या सकाळी पाठवायचीत. सध्या शीर्षकात 'निर्वासित' ठेवलंय, ३३ व्या कलमाला 'माघारी न धाडणे' लिहिलंय, काकांचं अप्रत्यावर्तन कंसात. वळिवड्याचा परिच्छेद घालतेय, पंचगंगाकाठदादा चालेल ना?

पंचगंगाकाठ:
घाला की. फक्त 'वळिवडे' लिहा, 'वालीवडे' नको, इंग्रजी पाटी वाचून लोक तसं लिहित्यात.

तिकीटवाला:
'धाडणे' जरा गावाकडचं नाही वाटत कायद्याच्या कागदात?