परदेशात पाहुणे म्हणून वागताना – तुमचे अनुभव लिहा

तापीकाठची : भाची जपानला निघाली आहे. काल तिची बॅग भरताना ओसाकातलं ते घर आठवलं. दारात खोलगट जागा, बूट तिथेच काढायचे, वर चढलं की घरातल्या सपाता. संडासाच्या सपाता वेगळ्या, त्या बाहेर आणायच्या नाहीत. घरच्या आजी वाकून सगळ्यांचे बूट टोकं दाराकडे करून लावत होत्या, निघताना पाय सरळ आत जावा म्हणून. त्या वयात! मी पुढे होऊन बाकीचे लावले तर किती खूश झाल्या. पोरं हल्ली कुठे कुठे जातात, तुम्हीही लिहा. कामाला येईल.

चोपडेकर : भातात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत हे सांगा ताई तिला. मयतापुढे ठेवलेल्या भातात तशा लावतात. आपल्याकडे दहाव्याचा पिंड, तसंच. आणि हॉटेलात टीप ठेवू नये, मागे धावत येऊन परत देतात.

फैजपूरची सून : थायलंड. सासूबाईंना लेकरू दिसलं की डोक्यावरून हात फिरवायची सवय. तिथे डोकं सगळ्यात पवित्र, परक्याने हात लावू नये. विमानातच सांगून ठेवलं होतं. मंदिराबाहेर फुलं विकणाऱ्या बाईची छोटी पोर समोर आली, यांचा हात उठलाच होता, पण मग दोन्ही हात जोडले. पोरीनेही लगेच हात जोडून मान वाकवली आणि दोघी हसत सुटल्या. मूर्तीकडे पाय करून बसू नये हेही आहे, पण ते आपल्याला शिकवावं लागत नाही. कुकर झाला, नंतर लिहिते

तापीकाठची : किती गोड!! आक्कांना नमस्कार सांग.

भुसावळ जंक्शन : खसखस!! दुबईला मसाला पाठवत असाल तर खसखस अजिबात नको. तिथे अमली पदार्थात धरतात, पोरगं विमानतळावरच अडकेल. आणि तिथे अनोळखी बायामाणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, गुन्हा आहे.

सावद्याची लेक : मी जर्मनीत. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर शांतता पाळतात. भिंतीला ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, खणकन आवाज होतो. म्हणून ठेचा शनिवारीच कुटून ठेवते. खाली एकटे आजोबा राहतात, त्यांच्या डोक्यावर रविवारी खलबत्ता वाजवणं मला पटतच नाही, नियम नसता तरी.

चोपडेकर : खरं शे ताई. पण मिरच्या भाजताना अलार्म वाजत नाही का?

सावद्याची लेक : खिडक्या उघडून भाजते भाऊ, थंडीतसुद्धा 🙂 भरताची वांगी मात्र मिळत नाहीत. इथली जांभळी नुसती पाणी सोडतात.

फैजपूरची सून : बामणोदची हिरवी वांगी ती बामणोदचीच. कधी येतेस?

सावद्याची लेक : डिसेंबरात!

फैजपूरची सून : ये माय. शेतातच करू, कपाशीच्या काड्यांवर भाजून. कळण्याच्या भाकरी माझ्याकडे.

नंदुरबारचा नाना : @भुसावळ जंक्शन, बरं झालं लिहिलंत. पोराचा मसाला उद्याच कुटायचा आहे. खसखशीऐवजी काय घालू?

भुसावळ जंक्शन : तीळ आणि सुकं खोबरं नाना, दोन्ही नीट भाजून. रस्सा तेवढाच दाट होतो.