'असिस्ट'ला मराठीत काय म्हणावं: सवलत की मुभा?

पटावरचा: पाळीपाळीने खेळायच्या, डावपेचांच्या एका गेमचा मेनू मराठीत करायचा आहे. गाडी 'असिस्ट'वर अडलीय. त्या मथळ्याखाली तीन पर्याय येतात: चाल मागे घेणं, पडलेला भिडू पुढच्या लढाईत परत मिळणं आणि नेम लागण्याची टक्केवारी वाढवणं. 'मदत' लिहिलं तर लोकांना तिथे सूचना असतील असं वाटतं. 'सवलत' म्हणजे तिकिटावरची, असा आक्षेप आला.

तिरका_उंट: मुभा. अरबी 'मुबाह', ज्याला मनाई नाही ते. ऐच्छिक गोष्टीला याहून चपखल शब्द नाही. सवलत 'सुहूलत'वरून, म्हणजे सोपेपणा. ती घेणाऱ्याला उगाच कमीपणा येतो.

प्यादं: दोन्ही अरबीच. 'ऐच्छिक साहाय्य' सरळ आणि आपलं आहे.

तिरका_उंट: मुभा कित्येक वर्षं मराठीत राबतेय, अजून परकीच? आणि 'ऐच्छिक साहाय्य' अर्जावर शोभतं, बटणावर मावत नाही.

अडीचघर: तिन्हींना एकच शब्द लावू नका, तिन्ही वेगळी आहेत. पहिल्याला 'चाल परत' आहेच. 'इन्टू द ब्रीच' या गेममध्ये (2018) तिचेही दोन भाग केलेत. आपलं लढाऊ यंत्र नुसतं हलवलं असेल तर हल्ला करेपर्यंत हवं तितक्या वेळा मागे घ्या. अख्खी पाळी नव्याने मात्र लढाईत एकदाच. शत्रू कुठे मारणार हे पटावर आधीच दिसतं, त्यामुळे चाचपणी फुकट ठेवली तरी कोडं आपोआप सुटत नाही.

जिथे नशीब आहे तिथे एवढ्याने भागत नाही. 'फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस'मध्ये (2019) काळ मागे फिरवायला सुरुवातीला 3 संधी मिळतात, पुढे वाढतात. पण दान आधीच पडलेलं असतं. त्याच क्रमाने तोच वार केलात तर तो पुन्हा हुकणारच. आधी दुसऱ्या भिडूकडून हल्ला करवून घेतला तर निकाल बदलू शकतो. दर वेळी नवं दान पडू दिलं की 30 टक्क्यांचा वार लागेपर्यंत लोक मागेच फिरवत बसतात, डावपेच राहतात बाजूला.

प्यादं: मग 'फेरचाल' आणि 'फेरदान' असे दोन शब्द करा. टक्केवारीला 'नेमसाहाय्य'.

तिरका_उंट: ती गुपचूप वाढवली तर ना सवलत, ना मुभा. 2012 च्या 'एक्सकॉम'मध्ये सोप्या पातळ्यांवर नेम हुकत गेले की पुढच्याची खरी शक्यता वाढते, पडद्यावरचा आकडा तोच राहतो. मग कठीण पातळीवर गेलेल्याला 85 टक्के खोटे वाटतात. मेनूत ठेवायचं तर वाढलेला आकडाच दाखवा.

अडीचघर: लपवणं दर वेळी वाईट नाही. 'फायर एम्ब्लेम'च्या 2002 च्या भागापासून पुढे बरीच वर्षं दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी घेत, ती दिसणाऱ्या टक्क्यांहून कमी आली तर वार लागे. दिसायला 90, प्रत्यक्षात सुमारे 98. दिसायला 10, प्रत्यक्षात सुमारे 2. शत्रूलाही तोच हिशोब, म्हणून तो नियम ठरतो, मदत नव्हे.

तिरका_उंट: नियम असेल तर खरा आकडा छापायला काय हरकत होती?

पटावरचा: आणि पडलेला भिडू परत मिळण्याला?

सोंगटी: लिंबूटिंबू! खेळात आहे, पण बाद होत नाही.

अडीचघर: अर्थ बसतो, पण मोठ्या माणसाला तो शब्द लागतो, तो पर्याय निवडणारच नाही. शिवाय मरणाची भीती गेली की लोक सर्वांत दुबळा भिडू आमिष म्हणून पुढे ढकलतात. उपाय म्हणजे पडलेल्याला त्या लढाईचे अनुभवगुण देऊ नका, किंवा एक लढाई जखमी म्हणून बसवा.

प्यादं: जखमी बसवलं तर आधीच मागे पडलेल्याची फौज आणखी रोडावते. ज्याला मदत हवी त्यालाच फटका. गुण कापा, माणूस नको.

सोंगटी: शब्द 'कच्चं लिंबू' आहे की 'कच्चा लिंबू'? लिंबू तर नपुंसकलिंगी.

तिरका_उंट: पोराला म्हणतात म्हणून 'कच्चा'. मुलीलाही कुणी 'कच्ची लिंबू' म्हणतं का?