दोन रीच स्टॅकर घ्या म्हणे, काम झालं!

यार्डातला: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलं, "आरटीजी म्हणजे पैशाचा चुराडा, दोन रीच स्टॅकर पुरे." डोकं सटकलं म्हणून लिहितोय. आरटीजी म्हणजे डब्यांच्या (कंटेनरच्या) ओळींवर पाय फाकून उभी राहणारी रबरी चाकांची क्रेन, आणि रीच स्टॅकर म्हणजे पुढे लांबणारा बूम, म्हणजे हात, असलेली डबे उचलायची गाडी. रीच स्टॅकर ४५ टन उचलतो, पण पहिल्या ओळीत! बूम लांबवून दुसऱ्या ओळीत गेलात की ३०-३१, तिसऱ्या ओळीत १५-१६ वर येतो. मागचा भरलेला डबा हवा तर पुढचे उपसत बसा. शिवाय वळायला केवढी मोकळी जागा सोडावी लागते ते वेगळंच. आरटीजी सहा ओळी आणि ट्रकची लेन पायांत घेऊन उभी असते.

बूमवाला: ते माझंच वाक्य होतं. आरटीजीखाली सगळ्यात तळाचा डबा हवा असेल तर वरचे चार काय आपणहून उतरतात? उपसाउपसी तुम्हालाही आहेच की. माझा स्टॅकर सकाळी गेटजवळ, दुपारी रेल्वे साइडिंगवर. तुमची आरटीजी ब्लॉक बदलायची तर जागेवर चाकं फिरवा, मग हळूहळू सरका.

ट्विस्टलॉक: दोघंही कागदावरच्या टनांवर भांडताय. खरं वजन माहितीये का कुणाला? १ जुलै २०१६ पासून सोलासमध्ये (जहाज सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या डब्याचं तपासलेलं एकूण वजन देणं, सक्तीचं झालं, तरी लोक आकडा अंदाजानेच टाकतात. मी तिसऱ्या ओळीतून एक डबा उचलला, कागदावर १४ टन. जेमतेम वीतभर वर आला आणि स्टेअरिंग एकदम हलकं झालं, हातात नुसतंच गरागरा फिरायला लागलं. स्टॅकरची मागची चाकं वळतात, तीच जमिनीवर टेकत नव्हती. कसाबसा खाली ठेवला, नंतर पाच मिनिटं केबिनमधून उतरलो नाही.

बूमवाला: ओव्हरलोडला मशीन आपोआप थांबतं. ती सोय बंद, म्हणजे बायपास करून चालवत होतात ना? खरं सांगा.

ट्विस्टलॉक: शिफ्टला बसलो तेव्हा बायपास आधीच चालू होता. अलार्म सारखा वाजतो, काम अडतं, म्हणून कुणीतरी चावी फिरवून ठेवलेली.

यार्डातला: आणि तुम्ही बघून गप्प बसलात! असल्या ऑपरेटरमुळेच मशीन बदनाम होतात.

ट्विस्टलॉक: साहेब, रात्री दोनला ट्रकची रांग लागलेली असताना बायपास काढायला सांगून बघा एकदा, मग शिकवा.

रिकामाडबा: आम्हा एम्टी हँडलरवाल्यांना, म्हणजे रिकामे डबे रचणाऱ्यांना, कुणी विचारतच नाही. आठ उंच रचतो, वजनाची कटकट नाही, पण वारा सुटला की आमची काय गत होते ते आम्हालाच ठाऊक.

यार्डातला: तुमचा वेगळा धागा काढा हो. बूमवाले, साइडिंगवर पहिल्या रुळावरून हात घालून दुसऱ्या रुळावरचा डबा काढायला स्टॅकरच बरा, मान्य. झालं समाधान?

बूमवाला: अर्धंच. ट्विस्टलॉक, त्या डब्याचं पुढे काय झालं?

ट्विस्टलॉक: काट्यावर नेला. २३ टन भरला, आत फरशा. कागद दुरुस्त करून त्याच दिवशी बाहेर पडला. बायपासची चावी मात्र होती तिथेच.