चुटपुट, हळहळ, रुखरुख, पस्तावा: नेमका फरक काय?

अमळनेरकर: ‘भाव वाढायच्या आधीच कापूस विकला, त्याची चुटपुट लागली.’ इथे ‘पस्तावा झाला’ चालेल का? आणि आपण असं का ठरवलं हे मागाहून तपासण्याला कोणता शब्द घ्यावा, सिंहावलोकन की आत्मपरीक्षण?

शब्दवेडी: चालेल, पण अर्थ बदलेल. पस्ताव्यात ‘चूक माझी’ ही कबुली येते. चुटपुटीत ती नसते; थोडक्यात हुकलं, एवढंच. हळहळ दुसऱ्यासाठीही वाटते. वादळात रावेरकडची केळी आडवी झाली की अख्खा जिल्हा हळहळतो, तिथे चुटपुट म्हणून बघा, लगेच खटकेल. रुखरुख बारीक, पण मुक्कामाला राहणारी. सिंहावलोकन झालेल्या कामाचं, वाटचालीचं. मनाचं म्हणाल तर आत्मपरीक्षणच. (पश्चात्तापात दोन त. एक त सगळीकडे गळतो.)

तापीकाठ: ताई, फरक बरोबर, पण हे शब्द पुढच्या निर्णयात काय करतात तेही बघायला हवं. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. आधी विकून बसलेल्यांना चुटपुट लागली. पुढच्या हंगामात अनेकांनी घरं भरून ठेवली, आणि भाव उतरला. चुटपुट फक्त निकाल बघते आणि लगेच उलटं करायला लावते. आत्मपरीक्षण विचारतं, विकला त्या दिवशी हाताशी माहिती काय होती? त्या माहितीवर निर्णय बरोबर असेल तर भाव नंतर चढला म्हणून तो चुकीचा ठरत नाही.

अमळनेरकर: पण भाऊ, तेव्हा काय वाटलं होतं ते माणसाला आठवतंच की.

धुळेकर मास्तर: आठवतं, पण बदलून आठवतं. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मधल्या अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीन आणि सोव्हिएत दौऱ्यांआधी लोकांकडून अंदाज घेतले आणि नंतर तेच अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं ते आपण आधीच जास्त शक्य मानलं होतं, असं लोक सांगू लागले. निष्कर्ष १९७५ मध्ये आले. आपल्याकडे याला पश्चातबुद्धी म्हणतात (संधी काटेकोर केला तर पश्चाद्बुद्धी, पण तसं कोण लिहितं?). ‘मला वाटलंच होतं’ हे तिचं आवडतं वाक्य.

म्हणून वहीत आधी लिहायचं. विकायच्या किंवा थांबायच्या दिवशीच चार-पाच ओळी: तारीख, मिळणारा भाव, कापसाचा ओलावा, पैशांची नड किती आणि कधी, कोणत्या भावाची वाट बघतोय, आणि काय झालं तर बेत बदलायचा. ही शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. अट नसली की थांबणं आपोआप लांबत जातं. ‘भाव वाढेल’ असं मोघम लिहू नका. ‘जानेवारीअखेर ८,००० होईल, शक्यता दहात सहा’ असं लिहा, म्हणजे नंतर ताळा घेता येतो. घटही धरा: १२ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल ८ टक्क्यांवर वाळला की साधारण ९५.७ किलो भरतो. खेडा खरेदीत (व्यापारी गावात येऊन घेतो तेव्हा) ओलावा न बघता सरसकट भाव असेल तर नुसत्या बरोबरीसाठी सुमारे साडेचार टक्के वाढ हवी.

शब्दवेडी: वहीत ‘लोभ झाला’, ‘घाबरलो’ असले शब्दही येऊ द्या. फक्त त्याच दिवशी. महिन्याभराने लिहिलं की ते समर्थन होतं.

तापीकाठ: पटलं. आणि हंगाम संपल्यावर वही एकदाच उघडावी. रोज उगाळलं तर ते आत्मपरीक्षण उरत नाही, खंत होते. खंत करणाऱ्याचा पुढचा निर्णय बहुधा एकच असतो: काहीच न करणं.

अमळनेरकर: मग माझ्या वाक्यात चुटपुटच ठेवतो. ‘चुटपुट वाटली’ चालतं का?

शब्दवेडी: ‘लागली’च बरं. रुखरुख लागते किंवा वाटते, हळहळ वाटते, पस्तावा होतो.