पुण्यातला फ्लॅट विकताना: ग्राहकासाठी कागदांची फाईल

नमस्कार मंडळी,
कोथरूडचा १९९८ चा फ्लॅट विकायचा आहे. रिसेलमध्ये घेतलेला, नावं आम्हा नवरा-बायकोची, गृहकर्ज फिटलेलं. आम्ही दोघंही परदेशात राहतो. ग्राहकाला दाखवायला कुठले कागद आधी लावून ठेवू?

---

ताई,
जाहिरात टाकायच्या आधीच फाईल लावा. टोकन घेतल्यावर शोधाशोध सुरू केली, की ग्राहकाच्या बँकेचा वकील एकेक त्रुटी काढत बसतो आणि तोवर ग्राहकाचा धीर सुटतो.

आधी करारांची साखळी. बिल्डरपासून तुमच्यापर्यंत फ्लॅट जितक्या हातांतून आला तितके नोंदणी झालेले करार, प्रत्येकाची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडचा दस्ताचा सारांश). मधला एखादा करार सापडत नसेल तर तो जिथे नोंदला त्या दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढा. दस्त क्रमांक आणि वर्ष हाताशी असलं की काम लवकर होतं.

मग शेअर सर्टिफिकेट (सोसायटीने सभासदाला दिलेला भागाचा दाखला) घ्या आणि उलटं करून बघा. मागच्या तक्त्यात शेवटच्या ओळीत तुम्हा दोघांची नावं, हस्तांतराची तारीख आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या हव्यात. रिसेलच्या फ्लॅटात नेमकी हीच ओळ कोरी सापडते, कारण करार नोंदवला पण सोसायटीकडे अर्ज द्यायचा राहिला. कमिटीची सभा होऊन नाव चढायला वेळ जातो, म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्या.

नावं अक्षरन् अक्षर जुळवा. करारात माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं आणि पॅनवर नुसतं आद्याक्षर असेल तर लग्नाचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र फाईलला लावा.

कर्ज फिटलंय म्हणता, तर बँकेचं नो ड्यूज पत्र आणि मूळ करार हातात आहेत ना? सरसायवरचा (CERSAI, गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) बोजा उतरवल्याचीही खात्री करा. बँकेने ती नोंद बंद केली नसेल तर ग्राहकाच्या बँकेला फ्लॅट अजून गहाणच दिसतो.

बाकी भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), मंजूर नकाशा, मिळकत कराची चालू पावती, वीजबिल आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला. टेरेस बंद करून खोली केली असेल तर तसं ग्राहकाला आधीच सांगा. बँकेचा व्हॅल्युअर नकाशा घेऊनच येतो. क्षेत्रफळ करारात आहे तेच लिहा, आणि ते कार्पेट (भिंतींच्या आतलं) की बिल्टअप (भिंती धरून) हेही लिहा. पार्किंगच्या बाबतीत करारातला उल्लेख किंवा सोसायटीचं वाटपपत्र दाखवता येत असेल तरच जाहिरातीत घाला. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग (इमारतीखालची खांबांमधली जागा) स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय.

---

दादांच्या यादीत थोडी भर.

तुम्ही परदेशात राहता, तर ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगा की मालक अनिवासी (एनआरआय) आहेत. निवासी विक्रेत्याचा १ टक्का टीडीएस (ग्राहकाने किमतीतून कापून सरकारला भरायचा कर) इथे लागू नाही. फ्लॅट दोन वर्षांहून जास्त ठेवलेला असेल तर मूळ दर १२.५ टक्के, वर अधिभार आणि उपकर. शिवाय आयकर विभागाचा कमी टीडीएसचा दाखला नसेल तर ग्राहक नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर कापतो. दाखल्याचा अर्ज ऑनलाइन होतो. त्याला खरेदीचा करार, मुद्रांक-नोंदणीच्या पावत्या आणि विक्रीचा मसुदा लागतो. दोन मालक म्हणजे दोन अर्ज. त्याआधी पॅनवर तुमची नोंद अनिवासी अशी आहे का ते बघा. तिथे निवासी असेल आणि आधार जोडलेलं नसेल तर पॅन निष्क्रिय दाखवतं.

सोसायटीने हस्तांतराचा प्रीमियम मागितला तर महापालिका हद्दीत कमाल २५,००० रुपये. त्यावर 'देणगी' मागितली तर देऊ नका, लेखी मागणी मागा.

सहीला येणार नसाल तर कुलमुखत्यारपत्रात फ्लॅट क्रमांक, सोसायटीचं नाव, विक्री, नोंदणी आणि ताबा हे अधिकार स्पष्ट लिहा. मोघम मजकुरावर निबंधक अडवतात. भारतीय वकिलातीत साक्षांकन करून मूळ प्रत कुरिअरने पाठवा आणि लखोट्यावरची पोच तारीख जपून ठेवा. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं.